अनुभव धागा: ‘आधी वाचन वाढव’ आणि लिहित्या पोरांनी ऐकलेलं बाकी सगळं

मंडळी, विशीच्या आसपासच्या कुणी कथा-कविता ऑनलाइन टाकली की खाली येणारे प्रतिसाद मी बरेच दिवस मन लावून वाचतोय. लेखनाबद्दल थोडं असतं आणि लिहिणाऱ्याच्या पिढीबद्दल पुष्कळ. यांचं वाचन नाही. प्रेमभंग झाला की कवी होतात. लाइक्ससाठी लिहितात. यांना टीका सोसत नाही. मजकूर वाचायच्या आधीच ही मतं तयार असतात, आणि त्याने चांगली लिहिणारी मुलं गप्प होतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

मराठीला तरुण लेखणी काही नवी नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिलं, ते तोवर मराठीत त्या समाजातल्या कुणा मुलीने छापील मांडलेलं नव्हतं. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी कविता म्हटली तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते; ‘बालकवी’ ही पदवी तिथलीच. नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह १९७२ साली आला, तेव्हा त्यांचं वय २३.

तर, तुमचे अनुभव लिहा. गाव आणि वय सांगितलंत तर बरं, नाव नको. कोण बोललं यापेक्षा काय बोललं गेलं आणि त्याचा लेखनावर काय परिणाम झाला, ते सांगा.

सांगली, २१

मी गझल लिहितो. आनंदकंद वृत्तातली एक टाकली होती, लगावली म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा क्रम (ल लघू, गा गुरू) गागाल गालगागा गागाल गालगागा. एका ज्येष्ठांनी लिहिलं, ‘दुसऱ्या’ या शब्दावर वृत्त तुटलंय. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, एवढंही या पिढीला माहीत नसतं, आधी वृत्तं शिका.

नियम बरोबर आहे, पण तो आघाताचा आहे. ‘दुसऱ्या’ म्हणताना ‘स’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघू राहतो, तसाच. हे मी नीट, आदराने मांडलं. उत्तर आलं, ‘वाद घालण्यापेक्षा वाचन वाढव.’ शेवटी दुसऱ्या एका काकांनी पूर्ण गझल मात्रा मोजून तपासली. वृत्त शाबूत आहे म्हणाले, पण चौथ्या शेरात काफिया, म्हणजे यमक, जुळवण्यासाठी अर्थ ओढून आणलाय, हेही दाखवलं. ते मला लगेच पटलं आणि तो शेर मी काढून टाकला. टीका सोसत नाही असं आमच्याबद्दल म्हणतात, त्यांनी एकदा अशी टीका करून बघावी.

नागपूर, १९

माझ्या कथेतली बाई नवऱ्याचा मार खाते आणि एक दिवस घर सोडते. कथा टाकल्यावर संध्याकाळपर्यंत खासगीत निरोप यायला लागले. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ ‘बाबा मारतात का गं?’ विचारणाऱ्यांच्या मनात काळजी होती, हे मला कळतं. पण माझ्या वर्गातल्या मुलाने त्याच आठवड्यात खुनाची कथा लिहिली, त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू कुणाला मारलंस का? मुलगी, त्यातून लहान वयाची, म्हणजे ती स्वतःचंच लिहिणार, असं का धरून चालतात? मी ती बाई उभी करायला आमच्या गल्लीतल्या बायकांचं बोलणं किती लक्ष देऊन ऐकलं, ती उंबरठा ओलांडते तो परिच्छेद किती वेळा मोडून लिहिला, ते कुणालाच दिसलं नाही. बाबांनी प्रतिसाद वाचले. ते काही बोलले नाहीत, पण नंतरची कथा मी टाकली नाही. ती लिहून तयार आहे.

ठाणे, १८

पूर्वी म्हणायचे, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. मी आजोबांजवळ बसून शुद्धलेखन पक्कं केलं. आता म्हणतात, इतकं स्वच्छ आहे म्हणजे चॅटजीपीटीने लिहिलं असणार. चुकलं तरी आम्हीच वाईट, आणि नाही चुकलं तरी आम्हीच. माझ्याकडे वहीत खाडाखोडीसकट पहिला खर्डा आहे. तो दाखवायची वेळ का यावी?

नाशिक, १७

हो, मी प्रेमकविताच लिहिते. त्या बऱ्या आहेत की वाईट, ते सांगा ना.

पुणे, २३

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला दोन वर्षं संहिता लिहिली. ही स्पर्धा १९६३पासून चालू आहे. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी लोक तिथून पुढे आले, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी संहिता वाचायला दिली की ठरलेलं वाक्य येतं, ‘कॉलेजची एकांकिका आहे, म्हणजे आरडाओरडा आणि शेवटी मरण.’ माझ्या संहितेत दोन माणसं रेशनच्या रांगेत उभी राहून बोलतात. कुणी मरत नाही.

रत्नागिरी, ५४

मी तुमच्या आईच्या वयाची. पहिली कथा गेल्या वर्षी लिहिली. मला कुणी ‘वाचन किती?’ असं विचारलं नाही. ‘परिपक्व लेखन’, ‘अनुभवाचे बोल’ असं कौतुक झालं. कथा कच्ची होती, शेवट घाईत गुंडाळलेला होता, आणि तसं स्पष्ट कुणीच म्हणालं नाही. मुलांनो, तुम्हाला जो संशय येतो आणि मला जे कौतुक मिळतं, दोन्ही वयालाच मिळतं. मलाही त्याने शिकायला काही मिळालं नाही.

एका दिवाळी अंकाच्या संपादन मंडळातून

आमच्याकडे आलेल्या कथांवरून नाव, वय, परिचय काढून मगच त्या वाचायला देतो. शेरा लिहिणाऱ्याने कथेतलं निदान एक वाक्य उद्धृत करायचं, हा दुसरा नियम. याने वाद संपले नाहीत, पण ते कथेतल्या पात्रांवर व्हायला लागले. एका कथेच्या बोलीवरून आमच्यातले दोघं तावातावाने भांडले. एकाच्या मते लेखक साठीचा, मुरलेला शेतकरी असावा. परिचय उघडला तर लिहिणारी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कथा अंकात घेतली. बोलीतल्या दोन शब्दांवर तिने आमच्याशी वाद घातला आणि आम्हाला पटवलं.

धुळे, २०

अहिराणीत लिहिलं की ‘प्रमाण मराठी जमत नसेल’ असं ऐकतो. माझ्या कथेत निवेदन प्रमाण मराठीतच आहे. फक्त माणसं त्यांच्या भाषेत बोलतात.

लातूर, १७

मला ‘छान, लिहीत राहा’ असं खूप जण म्हणतात. हाही ठोकताळाच आहे ना, की लहान आहे, जपून बोला? माझ्या कथेतली आजी दुसऱ्या पानानंतर कुठेच येत नाही. मला ते खटकतं, पण ती परत कशी आणावी ते सुचत नाही. कथा खाली जोडतेय. कुणीतरी आजीबद्दल बोला.