प्रतिसाद: शिकवून चित्रकार घडतो का?

वर कुणीतरी म्हटलंय, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला तरी ते घडले, मग इलस्ट्रेशन, म्हणजे मजकुरासाठी चित्र काढणं, शिकवायचं कशाला? मी यवतमाळकडच्या खेड्यात राहतो, पेपरासाठी व्यंगचित्रं काढतो आणि विद्यापीठात हेच शिकवतो, म्हणून लिहितोय. लक्ष्मण समोरचं बघून काढत राहिले, आणि नेमकं तेच शिकवावं लागतं.

वेचणीच्या दिवसांत मुलांना पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, नेलं. वर्गात सगळ्यांनी वेचणारी बाई डोक्यावर टोपली घेतलेली काढली होती. शेतात मात्र कापूस कमरेला बांधलेल्या फडक्यात, दोन्ही हात मोकळे, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडलेली. एका पोरीनं फक्त ती बोटं काढली. त्या रात्री कापूसभावावरचं व्यंगचित्र करताना मीही मंत्र्याचा चेहरा खोडला अन् हातच काढले.