बिल्वीचं रुग्णालय: नेदरलँड्सने पैसे रोखले ते बरोबर की चूक?

चाफा_आइंडहोवन

निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर बिल्वी हे गाव आहे. वस्ती मुख्यतः मिस्किटो आदिवासींची, राजधानी मानाग्वा रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर लांब. २००७ मध्ये फेलिक्स, मग नोव्हेंबर २०२० मध्ये पंधरा दिवसांच्या आत एटा आणि आयोटा, ही सगळी वादळं याच पट्ट्यावर आदळली. इथल्या रुग्णालयाच्या बांधकामाला मदत करायचं नेदरलँड्सने कबूल केलं होतं. २०१८ मध्ये सरकारविरोधी निदर्शनं चिरडताना तीनशेहून जास्त माणसं मारली गेली आणि डच सरकारने हात आखडता घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये डच राजदूतांनी पैसे मिळणार नाहीत असं कळवल्यावर राष्ट्राध्यक्ष ओर्तेगांनी नेदरलँड्सशी राजनैतिक संबंधच तोडून टाकले.

माझं मत: रुग्णालय रोखायला नको होतं. मी इथे नेदरलँड्समध्ये कर भरते आणि त्यातला एक युरोही ओर्तेगांच्या पोलिसांकडे जाऊ नये असं मलाही वाटतं. पण सरकारच्या तिजोरीत ओतलेला पैसा वेगळा आणि बाळंतपणाचा वॉर्ड वेगळा. गोळीबाराचे हुकूम देणाऱ्यांना उपचारासाठी बिल्वीला जावं लागत नाही. आणि मिस्किटो लोक काही ओर्तेगांचे लाडके नाहीत. १९८१-८२ मध्ये ओर्तेगांच्याच सँडिनिस्टा पक्षाच्या लष्कराने रिओ कोको नदीकाठची त्यांची गावं जबरदस्तीने उठवली होती. त्यांच्या यातामा पक्षाचे नेते ब्रुकलिन रिवेरा यांना २०२३ मध्ये अटक झाली, पक्षाची मान्यताही काढून घेतली. ज्यांना आपलंच सरकार छळतं, त्यांच्याच वाटचं रुग्णालय आपण काढून घेतलं. आमचं आइंडहोवन आणि तिकडचं चिनांडेगा ही जोडशहरं आहेत. ऐंशीच्या दशकात इथल्या साध्या माणसांनी त्या देशाशी नातं जोडलं, म्हणून हे जास्त लागतं.

दर्यावर्दी

चाफाताई, वॉर्ड वेगळा आणि तिजोरी वेगळी, हे तुम्ही धरून चालला आहात. निकाराग्वात ते खरं नाही. २०१८ मध्ये जखमी निदर्शकांना सरकारी रुग्णालयांच्या दारातून परत पाठवल्याच्या तक्रारी आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने नोंदवल्या आहेत. ज्या डॉक्टरांनी जखमींवर उपचार केले किंवा निदर्शकांच्या बाजूने तोंड उघडलं, त्यांच्यातल्या शेकडोंच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे ज्या आरोग्य खात्याच्या हातात बिल्वीची किल्ली जाणार होती, तेच खातं या दडपशाहीत सामील होतं. इमारत तुम्ही बांधाल हो, पण आत कोणाला घ्यायचं ते कोण ठरवणार?

रुग्णालय ही फीत कापायची उत्तम जागा असते, हेही विसरू नका. ज्याने निवडणुकीआधी प्रमुख विरोधी इच्छुक उमेदवार तुरुंगात घातले (२०२१), त्याच्या फीत कापण्याचा खर्च डच करदात्याने का उचलावा?

जुनी_वही

दोघांनाही एक आठवण करून देतो. डच लोकांनी हे पहिल्यांदा केलेलं नाही. डिसेंबर १९८२ मध्ये सुरिनाममध्ये बौटर्सच्या लष्करी राजवटीने पंधरा विरोधकांना ठार मारलं, तेव्हाही मदत थांबवली. बौटर्स पुढे २०१० मध्ये निवडून राष्ट्राध्यक्ष झाला. १९९१ मध्ये पूर्व तिमोरच्या दिली शहरात इंडोनेशियाच्या लष्कराने केलेल्या हत्याकांडानंतर डच मंत्री यान प्रोंक बोलले, तर इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी १९९२ मध्ये डच मदतच नाकारली. आपल्या भारतानेही २००३ मध्ये नेदरलँड्ससकट लहान दात्यांना नको म्हणून सांगितलं, अर्थात कारणं वेगळी होती आणि आपल्याकडे परकीय चलनाची गंगाजळी होती.

छोट्या देशाने पैसे थांबवले म्हणून राजवट वाकत नाही. निकाराग्वात तर आणखीच नाही. २००८ च्या महापालिका निवडणुकांतल्या घोटाळ्यानंतर युरोपीय दात्यांनी अर्थसंकल्पाची मदत बंद केली, तेव्हा व्हेनेझुएलाचं तेल आणि त्यातून येणारा पैसा हजर होता. तोही अर्थसंकल्पाच्या बाहेर, ओर्तेगांच्या जवळच्या माणसांच्या हातात. २०१८ नंतरही मध्य अमेरिकी आर्थिक एकात्मता बँकेची कर्जं चालूच राहिली.

चाफा_आइंडहोवन

जुनी_वही, हेच तर म्हणते मी! युरोपातला स्पेनच त्या बँकेचा सभासद आहे. रस्त्यांची कर्जं चालू राहिली आणि अडलं ते रुग्णालय. सत्तेला धक्का लागला नाही, मिस्किटो बाई मात्र अडली.

तांबडी_माती

सरकारला न देता चर्चला, रेडक्रॉसला, स्थानिक संस्थांना पैसे दिले असते तर? त्या किनाऱ्यावर मोराव्हियन चर्च १८४९ पासून आहे. गावोगावी त्यांची माणसं आहेत.

दर्यावर्दी

तांबडी_माती, २०१८ ला तो मार्ग होता. आता नाही. निकाराग्वाची रेडक्रॉस २०२३ मध्ये कायदा करून बरखास्त केली. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दीड हजार संस्थांची नोंदणी रद्द झाली, त्यात मोराव्हियन चर्चही गेलं. म्हणून माझं म्हणणं आहे की तो पैसा कोस्टा रिकात पोचलेल्या निर्वासितांवर खर्च करा. तिथे लाखाहून जास्त निकाराग्वन आहेत, हाकललेले डॉक्टरही आहेत.

चाफा_आइंडहोवन

जो सीमा ओलांडू शकला त्याला मदत, आणि जो बिल्वीतच राहिला त्याने काय करायचं? संस्था बंद झाल्यामुळेच सरकारी रुग्णालय हा एकमेव दरवाजा उरलाय. मी बिनशर्त द्या असं म्हणतच नाही. बांधकाम आपल्या अभियंत्यांच्या देखरेखीखाली, पैसे टप्प्याटप्प्याने, रुग्णाची माहिती पोलिसांना द्यायची नाही, कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही, असं लेखी घ्यायचं. हे ओर्तेगांनी फेटाळलं असतं तर रुग्णालय कोणामुळे अडलं ते बिल्वीच्या लोकांना दिसलं असतं. आत्ता त्यांना एवढंच कळलं की युरोपने शब्द फिरवला.

दर्यावर्दी

लेखी त्यांनी दिलंही असतं. आरोग्याचा हक्क निकाराग्वाच्या १९८७ च्या राज्यघटनेत लिहिलेलाच आहे, तरी २०१८ ला जखमी पोरं दारातून परत गेली. करार पाळला जातोय का हे बघायला बिल्वीत कोण राहणार होतं? सप्टेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सशी संबंध तोडले त्याच आठवड्यात युरोपीय संघाच्या राजदूतांनाही त्यांनी देश सोडायला लावला. मी पैसे न देण्याच्याच बाजूचा आहे.