नामाला सोवळं लागतं का?
आंघोळ करून, आसनावर बसून केला तरच जप फळतो, असं काहीजण म्हणतात. ते गुरूकडून दीक्षेत मिळालेल्या बीजमंत्राबद्दल असेल तर मान्य. देवाच्या साध्या नामजपाला ते लावू नका. नामाचा महिमा सांगणाऱ्या कलिसंतरणोपनिषदात नारद ब्रह्मदेवाला नेमकं हेच विचारतात, की या नामजपाचा विधी कोणता? उत्तर मिळतं, याला विधी नाही. शुचि असो वा अशुचि, सदैव म्हणावं. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'तुमचं नाम पोचणार नाही' असं कृपा करून कोणी सांगू नये. फार लागतं ते.

माझ्या आईला शेवटी शेवटी माळ धरवत नव्हती, तेव्हा तिने करमाळेवर, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजत, जप चालू ठेवला. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवून सुरुवात, मग अनामिकेचंच खालचं पेर, करंगळीची तिन्ही पेरं खालून वर, अनामिकेचं आणि मधल्या बोटाचं वरचं पेर, शेवटी तर्जनी वरून खाली. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू (माळेतल्या न ओलांडायच्या मेरुमण्यासारखी जागा), तिथे अंगठा टेकवायचा नाही. पांघरुणाखालीही हे सहज जमतं.