वरचं मॉडेल घेऊ की खालचं? (सोसायटी ग्रुप, माउंटन बाइक)

सी-२०३: नमस्कार मंडळी. मुलाला माउंटन बाइक घ्यायची आहे. दुकानदार एकाच कंपनीची, एकाच नावाची तीन मॉडेलं दाखवतोय. सगळ्यात वरचं खालच्याच्या जवळपास दुप्पट. फोटोत तिन्ही सारखीच दिसतात, रंग तेवढा वेगळा. खरंच फरक आहे की नुसता नावाचा? ग्रुपवर सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

बी-३०४: खालचं घ्या. दोन चाकं आणि एक साखळी. बाकी सगळी जाहिरात.

ए-१०२: काका, थांबा जरा. ताई, चालवणार कुठे तो?

सी-२०३: दर रविवारी मित्रांबरोबर डोंगरात जातो, कुणाची तरी सायकल मागून. दगड, चढ, चिखल सगळं करून येतो. कॉलेजला बसने.

ए-१०२: मग ठीक. नुसतं रस्त्यावर फिरायचं असतं तर म्हटलं असतं, तिन्ही नकोत, सस्पेन्शन नसलेली हायब्रिड, म्हणजे रस्त्याची सायकल घ्या. स्वस्तातलं सस्पेन्शन रस्त्यावर फुकटचं ओझं.

ए-५०१: ताई, तिन्हींच्या स्पेसिफिकेशनचे स्क्रीनशॉट टाका ना.

सी-२०३: [३ फोटो]

बी-३०४: हे बघा, मी म्हणत होतो. खालच्याला २४ गिअर, वरच्याला १२. दुप्पट पैसे देऊन निम्मे गिअर!

ए-५०१: काका, गिअर मोजायचे नसतात, दात मोजायचे असतात. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे; आकडा लहान तेवढा चढ सोपा, मोठा तेवढा वेग जास्त. खालच्यात पुढे ४२-३२-२२ आणि मागे ११ ते ३२. सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. वरच्यात पुढे ३२ दातांची एकच चकती, मागे १० ते ५१. ३२ भागिले ५१, म्हणजे ०.६३. चढावर १२ वालीच हलकी. २४ मधले बरेचसे एकमेकांवर चढलेले असतात, एकच गिअर दोनदा मोजल्यासारखं.

बी-३०४: आणि वेगात?

ए-५०१: तिथे खालची जिंकते. ४२ ला ११, म्हणजे ३.८. वरची ३.२ वर थांबते. सपाट रस्त्यावर जोरात पळवायची तर हे जाणवेल, डोंगरात नाही. शिवाय पुढच्या तीन चकत्या आणि तिथला डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, नसला की बिघडणारी एक वस्तू कमी. वरच्या दोन्हींच्या मागच्या डिरेलरला क्लचही आहे, तो चेन ताणून धरतो. दगडांवरून उतरताना चेन फडफडत नाही, सहसा निसटतही नाही.

ए-१०२: पण गिअरसाठी वरचं घेऊ नका. मधल्याला शिमानो कंपनीचा क्यूज गिअरसंच आहे, १० गिअर, ११ ते ४८, पुढे ३० ची चकती. ३० भागिले ४८ करा, ०.६२५. म्हणजे वरच्याइतकाच हलका. २०२३ मध्ये आलेली मालिका आहे, दात जाड, टिकण्यासाठीच बनवलेली. १२ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, झिजली की बदलायला खिशाला जड जाते. शिवाय १२ वाल्यात चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी लागते, ८-१० गिअरला ०.७५ पर्यंत चालतं. १७ वर्षांचा मुलगा चेन मोजत बसणार आहे का?

सी-२०३: तो स्वतःची खोली आवरत नाही.

सेक्रेटरी: सूचना: उद्या टाकी साफ करायची असल्याने सकाळी पाणी नाही. कृपया आजच भरून ठेवणे. सायकलची चर्चा झाली की वर जाऊन ही सूचना पुन्हा वाचणे.

डी-४०४: मला फ्रेमबद्दल बोलायचंय. नाव एकच असलं तरी खालच्या मॉडेलची फ्रेम वेगळी दिसतेय. मागचं चाक १३५ मिमी क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक ॲक्सल, आणि स्टिअरर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची हँडलकडे जाणारी नळी, सरळ, सव्वा इंचाच्या आतला. मधल्या आणि वरच्याला मागे १४८ बाय १२ थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड ॲक्सल, पुढे ११० बाय १५, आणि स्टिअरर खाली दीड इंचापर्यंत रुंद होत गेलेला. माझं बरोबर ना?

ए-५०१: शंभर टक्के. खरा प्रश्न इथेच आहे. सगळे सांगतात, आत्ता खालचं घ्या, हळूहळू पार्ट बदला. पण आजकालचे चांगले फोर्क बहुतेक खाली दीड इंचाचे आणि १५ मिमी थ्रू-ॲक्सलचे येतात. खालच्या फ्रेमला ते सरळ बसत नाहीत.

डी-४०४: हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची ज्यात स्टिअरर बसतो ती नळी, आतून ४४ मिमीची असेल तर बेअरिंगचा खालचा कप बाहेरून लावून बसतात. ३४ ची असेल तर नाहीच.

ए-५०१: बरोबर. आणि बसला तरी पुढचं चाक बदलावं लागेल, कारण हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १०० मिमी, ९ मिमी ॲक्सलचा. म्हणजे फोर्क, चाक, मजुरी. तेवढ्यात मधल्या मॉडेलपर्यंतचा फरक भरून निघाला असता.

सी-२०३: म्हणजे खालचं बाद?

बी-३०४: बाद कशाला? तो पोर दोन वर्षांनी मोटरसायकल मागेल.

ए-१०२: ही शक्यता मी तरी सोडणार नाही. खालचं घ्यायचं असेल तर ते जसं आहे तसंच चालवायचं ठरवून घ्या. वाढवत न्यायचा बेत ठेवून नको. टायर आणि ब्रेक पॅड बदला, बस्स.

ए-५०१: मान्य. ब्रेक तिन्हींना हायड्रॉलिकच आहेत, तिथे भांडण नाही. खालच्या दोन्हींची डिस्क ‘फक्त रेझिन पॅड’वाली आहे, म्हणजे तिला धातूचे पॅड चालत नाहीत. चिखलात रेझिन लवकर झिजतं, पण पॅड ही किरकोळ गोष्ट. वाटलं तर पुढे डिस्क बदलता येते.

सी-२०३: मग मधलं की वरचं? तेच तर विचारतेय. मधल्यात काय कमी आहे, साध्या भाषेत सांगा.

ए-५०१: तीन गोष्टी. फोर्क, ड्रॉपर आणि गिअर. गिअरचं वर झालं. मधल्याचा फोर्क कॉइलचा, म्हणजे आत स्टीलची स्प्रिंग. वरच्याचा हवेचा. ताई, मुलाचं वजन किती?

सी-२०३: ५२. काही केल्या वाढत नाही.

ए-५०१: मग हवेचाच फोर्क हवा, आणि आता मी ठामपणे सांगतो. स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसाच्या हिशेबाने घातलेली असते. ५२ किलोच्या पोराला ती ताठ लागते. फोर्क १२० मिमीचा असला तरी तो पूर्ण दबायचा नाही, हाताला मात्र सगळे दगड कळतील. फोर्कवरच्या बटणाने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, कमी-जास्त होतो, स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही. दुकानात ते बटण फिरवून दाखवतात, त्याला भुलू नका. हवेच्या फोर्कमध्ये पंपाने दाब वजनाप्रमाणे ठेवता येतो. सायकलवर बसल्यावर २० ते २५ टक्के दबला पाहिजे, म्हणजे १२० पैकी २४ ते ३० मिमी. वजन वाढलं की दाब वाढवायचा.

डी-४०४: काही कॉइल फोर्कना मऊ स्प्रिंग वेगळी मिळते.

ए-५०१: मिळते, पण स्वस्त फोर्कची मिळेलच असं नाही. आणि वजन? हवेचा बहुतेकदा बराच हलका असतो. पोर सायकल खांद्यावर घेऊन चढणार, त्याला ते कळेल.

ए-१०२: दुसरी बाजूही सांगा की दादा. हवेच्या फोर्कची सर्व्हिस कोण करणार? खालचे पाय उघडून तेल बदलायचं काम, कंपन्या साधारण ५० तासांनी सांगतात. दर रविवारी चार तास म्हटलं तर तीन-एक महिन्यांत आलं.

ए-५०१: कॉइललाही सर्व्हिस लागते, फक्त कुणी करत नाही आणि एक दिवस तो गंजून आखडतो. पण मुद्दा बरोबर. वरचं घेतलंत तर सर्व्हिसचा खर्च धरून चाला, आणि शॉक पंप, म्हणजे फोर्कमध्ये हवा भरायचा खास पंप, घ्या. साध्या पंपाने त्या फोर्कमध्ये हवा भरायला जाऊ नका.

सी-२०३: आणि ड्रॉपर म्हणजे?

ए-५०१: बटण दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, उठून पुन्हा दाबलं की वर येते. उतारावर सीट पोटात न टोचता मागे सरकता येतं. एकदा वापरली की सोडवत नाही. पण मधल्या फ्रेमला आतून केबल जायला भोक आहे, नंतर लावता येईल. आत्ता तिच्यासाठी पैसे मोजा असं म्हणणार नाही.

डी-४०४: मग मधलं घेऊन फोर्क नंतर घातला तर? फ्रेम तर तीच.

ए-५०१: बसेल, पण परवडणार नाही. सुटा फोर्क घेताना आपण एकाचे पैसे देतो, कंपनी ठोकात घेते. मधल्या आणि वरच्या मॉडेलमधला फरक बहुतेक वेळा त्या फोर्कच्या सुट्या किमतीच्या आसपासच निघतो, आणि ड्रॉपर, गिअर वरून मिळतात. ताई, दुकानात तो फोर्क सुटा केवढ्याला आहे तेवढं विचारा. उत्तर तिथेच मिळेल.

ए-१०२: हे पटलं. म्हणजे १२ गिअरसाठी नाही, फोर्कसाठी वरचं. पोर ८० किलोचा असता तर मी मधल्यावरच हटून बसले असते.

बी-३०४: एवढा हिशेब आम्ही घर घेताना केला नव्हता.

ए-५०१: पण ताई, त्याआधी साइज. तो अजून उंच होतोय का?

सी-२०३: गेल्या वर्षभरात फारसा नाही. दुकानदार म्हणतो एल घ्या, पुढे वाढेल.

ए-५०१: त्याचं ऐकू नका. तो कपडे विकत नाहीये. मोठ्या फ्रेमवर हात ताणले जातात आणि उतारावर सायकल ताब्यात राहत नाही. एम आणि एल दोन्हींवर बसवा, उभं राहून पॅडल मारायला लावा. एम बसत असेल आणि दुकानात एलच असेल तर थांबा. चुकीच्या साइजचं वरचं मॉडेल हे बरोबर साइजच्या खालच्यापेक्षा वाईट.

ए-१०२: आणि हेल्मेट याच बजेटमधून. सायकलीत पैसे संपले म्हणून जुनं हेल्मेट, हे चालणार नाही.

सी-२०३: ते आधीच घेतलंय, त्या अटीवरच चर्चा सुरू झाली. शनिवारी घेऊन जाते त्याला. पण वरच्या मॉडेलच्या यादीत पॅडल दिसत नाहीयेत. छापायचे राहिलेत का?

ए-५०१: नाही, महागड्या सायकलींना बऱ्याचदा नसतातच. ज्याला जसे हवे तसे त्याने घ्यावेत असा हिशेब.

बी-३०४: एवढे पैसे देऊन पॅडल नाही? माझ्या जुन्या सायकलीचे काढून ठेवलेत, ते घेऊन जा. लोखंडी आहेत, मरणार नाहीत.

ए-५०१: काका, आटे ९/१६ इंचाचे असतील तर बसतील. ताई, महिनाभर चालवा, मग खिळेवाले चपटे पॅडल घ्या, पावसात बूट घसरत नाही. आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, फिरत नाही म्हणून मुलाला जोर लावू देऊ नका, क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, खराब होईल. नाहीतर मीच येतो पाना घेऊन.