मदत हवी आहे: कापडी सॅडलबॅगसाठी घरी आधार बनवताना नळी की भरीव सळई?

माझ्या मोटरसायकलवरील कापडी सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) भरल्यावर आत झुकतात. उजवी सायलेन्सरला टेकते आणि डावी, जे अधिक धोकादायक आहे, मागच्या चाकाकडे सरकते. पट्टे घट्ट करून उपयोग झाला नाही. नंतर ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, पण सततच्या हादऱ्यांनी ती नेमकी वाकवलेल्या जागी तडकली. आता पोलादी चौकट करायची असून, तिची वरची टोके शॉकॲब्सॉर्बर व इंडिकेटरच्या बोल्टांना आणि खालचे टोक मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला जोडण्याचा विचार आहे. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) चाकाबरोबर वरखाली होत असल्याने तो टाळला आहे. प्रत्येक बॅगेत सुमारे ५ किलो सामान असते, आणि मूळ चासीला भोक किंवा वेल्डिंग करायचे नाही. या भारासाठी १२ मिमीची नळी पुरेल की भरीव सळई घ्यावी, आणि सायलेन्सर व बॅग यांच्यात किमान किती अंतर ठेवावे?