हिंडलग्यात कैद, शिक्षा कोल्हापूरच्या कोर्टाची: मुदतपूर्व सुटकेचा अर्ज कुठल्या सरकारकडे?

खानापूरकर:
पॅरा लीगल (कायद्याची प्राथमिक मदत देणाऱ्या) कार्यकर्त्यांसाठी टिपण करतोय. कैदी खानापूर तालुक्यातला. ३०२ खाली जन्मठेप कोल्हापूर सेशन्स कोर्टाची, नंतर बदली होऊन हिंडलग्यात, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगावच्या जेलात. अटक १० मार्च २००९, जामीन कधीच नाही, पॅरोल ४ वेळा, दर वेळी ३० दिवस. घरच्यांनी अर्ज बेंगळूरला धाडला, उत्तर नाही. अर्ज कुठं जायला हवा होता? १४ वर्षं कधी भरली? आणि ही पद्धत सुधारायची तर निवेदनात नेमकं काय मागायचं? 'प्रक्रिया सुलभ करा' असलं मोघम नको.

धारवाड_बेंच:
बेंगळूर चुकलं बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ प्रमाणे (जुनं ४३२) शिक्षा ज्या राज्यातल्या कोर्टानं दिली, त्या राज्याचं सरकार निर्णय घेतं. कैदी कुठल्या जेलात आहे, घर कुठं आहे, याला अर्थ नाही. बिल्किस बानो प्रकरणात ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. गुन्हा गुजरातेत, खटला मुंबईत, म्हणून अधिकार महाराष्ट्राचा. तेव्हा तुमची फाईल मुंबईला, मंत्रालयातल्या गृहखात्याकडे. पण तयार होणार हिंडलग्यातच, कारण नॉमिनल रोल (कैद्याची शिक्षा आणि भोगलेले दिवस यांचा जेलचा तक्ता), वर्तणुकीची नोंद आणि पॅरोलचा हिशेब तिथल्या अधीक्षकांकडे असतो. सीमाभागातल्या फायली अडतात त्या इथंच. एका राज्याच्या जेलानं दुसऱ्या राज्याच्या खात्याला लिहायचं, आणि दोन्हीकडे ते 'आपलं काम' वाटत नाही.

घरच्यांनी अर्ज केला तर त्यात 'शिक्षा झालेली व्यक्ती सध्या अमुक कारागृहात आहे' हे वाक्य हवंच. कैद्यानं स्वतः केला तर तो अधीक्षकांमार्फत जातो, पोच घ्यायची.

आता १४ वर्षं. कलम ४७५ (जुनं ४३३-अ) ला प्रत्यक्ष भोगलेली वर्षं लागतात. चांगल्या वागणुकीची मिळालेली माफी त्यात धरत नाहीत, अंडरट्रायल म्हणून, म्हणजे निकालाआधी कोठडीत, काढलेले दिवस धरतात. पॅरोल धरायचा नाही, हे गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये ठरलं. म्हणजे मार्च २०२३ अधिक १२० दिवस, ८ जुलै २०२३ च्या आसपास. घरचे मार्च धरून बसतात आणि जेलचा आकडा वेगळा आला की कुणीतरी फसवतंय असं वाटतं. राज्यपालांच्या घटनेच्या कलम १६१ खालच्या माफीच्या अधिकाराला ही १४ वर्षांची अट लागू नाही, पण तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालतात. फाईल शेवटी त्याच खात्यातून जाते.

निपाणी_नाका:
अजून एक, राज्याचं मुदतपूर्व सुटकेचं धोरण कुठल्या सालचं लावायचं? साधारणपणे शिक्षा झाली त्या दिवशीचं. नंतरचं जास्त उदार असेल तर त्याचा फायदा कैद्याला. प्रस्तावात त्या सालच्या धोरणाची प्रत जोडा, नाहीतर कारकून टेबलावरचं नवं धोरण लावून मोकळा होतो.

चोर्ला_रोड:
निवेदनात काय मागायचं त्यावर. फाशीच्या दयेच्या अर्जाला कलम ४७२ मध्ये मुदती आहेत: अपील फेटाळल्याचं अधीक्षकांनी कळवल्यावर ३० दिवसांत अर्ज, राज्यपालांनी नाकारल्यावर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे, राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत राज्याच्या गृहखात्याला आणि जेलला कळवायचा. जन्मठेपेच्या फाईलला कायद्यात असं काहीच नाही. तशाच मुदती मागा की.

धारवाड_बेंच:
मागा, पण नुसत्या एकूण मुदतीनं भागत नाही. मुदत टळली तर जाब कुणाला विचारायचा? मी टेबलागणिक तारीख मागेन. १४ वर्षं भरायच्या ६ महिने आधी जेलनं स्वतः प्रस्ताव सुरू करावा. यासाठी नवा कायदा नको. धोरण असलेल्या राज्यांनी पात्र कैद्याचा विचार अर्ज नसतानाही करायचा, असा सुप्रीम कोर्टाचा १८ फेब्रुवारी २०२५ चा आदेश आहे. नकार दिला तर थोडक्यात का होईना कारणं द्यायची, जेलमार्फत कैद्याला लगेच कळवायचं, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. ही प्रत कुठल्या जिल्ह्याला, बेळगावला की कोल्हापूरला? दोन्हीकडे, हे निवेदनात ठासून लिहा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या न्यायाधीशांचा सुटकेवरचा अभिप्राय. तो सकारण हवा, पण खटल्याचं मूळ रेकॉर्ड अपिलासोबत हायकोर्टात गेलेलं असतं आणि परत आलं की नाही हे कुणी बघत नाही. मग निकालपत्र वाचून 'गुन्हा गंभीर' एवढंच येतं. शिक्षा झाली तेव्हा गुन्हा गंभीर होताच, आजचा माणूस कसा आहे हा प्रश्न आहे. लक्ष्मण नस्कर निकालाचे (२०००) मुद्दे छापील तक्त्यात द्या: समाजावर परिणाम, पुन्हा गुन्ह्याची शक्यता, गुन्हा करण्याची क्षमता उरली का, आत ठेवून काही साधतं का, घरची स्थिती. पोलीस अहवालालाही हाच तक्ता. 'सुटल्यास गावात शांतता भंगेल' या एका ओळीखाली कुणाकुणाचे जबाब घेतले ते लिहायला लावा.

नकाराला आव्हान द्यायचं तर आदेश महाराष्ट्राचा, त्यामुळं मुंबई हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे, मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. वकील फुकट मिळतो, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

खानापूरकर:
भाषेचं काय? हिंडलग्यातले कागद कन्नडात, मंत्रालयातले मराठीत.

निपाणी_नाका:
अर्ज मराठीत द्यायला घटनेचं कलम ३५० आहे, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. हक्क आहे, पण जेलच्या टेबलावर कन्नड भाषांतर जोडलेलं असलं की आवक क्रमांक लवकर पडतो. नॉमिनल रोलचं प्रमाणित मराठी भाषांतर जेलनंच पाठवावं, ही मागणी घाला. नाहीतर मुंबईहून 'भाषांतर जोडा' म्हणून फाईल परत येते.

चोर्ला_रोड:
सुटल्यानंतरच्या हक्कांचं पण टिपणात घ्या, अफवा फार आहेत. मतदान फक्त आत असेपर्यंत बंद, सुटला की आपोआप सुरू, वेगळा अर्ज नाही. यादीतून नाव 'स्थलांतरित' म्हणून उडालं असेल तर नाव घालायचा फॉर्म ६. विधानसभा-लोकसभा लढवायला मात्र, शिक्षा २ वर्षं किंवा जास्त असेल तर, सुटकेनंतर ६ वर्षं बंदी. शिक्षामाफीनं दोषसिद्धी पुसली जात नाही. शिक्षेमुळं पासपोर्ट नाकारता येतो ती ५ वर्षं सुटकेपासून नाहीत, दोषी ठरल्यापासून मोजायची. जन्मठेपवाल्याची ती आतच संपलेली असतात, तरी एजंट 'अजून ५ वर्षं थांबा' म्हणून पैसे उकळतात.

खानापूरकर:
नवा अर्ज मुंबईच्या पत्त्यावर, अधीक्षकांमार्फत, बेंगळूरच्या अर्जाची प्रत सोबत जोडून. पॅरोलचा दिवसवार उतारा आधी मागवतो.