विषय: संततिनियमनाचा कायदा आणि हार्टफर्डची बेचाळीस वर्षांची खटपट

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

वाचनकट्ट्याच्या पुढील बैठकीसाठी कनेक्टिकट राज्याच्या संततिनियमनविरोधी कायद्याचा इतिहास घ्यावा, असे समितीत ठरत आहे. त्याआधी एक शंका मांडते. या राज्यातील स्त्रिया १९२३ पासून तो कायदा बदलून घेण्यासाठी राजधानी हार्टफर्डच्या विधिमंडळात हेलपाटे घालत होत्या आणि अखेर १९६५ मध्ये तो रद्द केला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने. मग आमदारांची मनधरणी करण्यात त्यांनी घालवलेली वर्षे वाया गेली, असेच म्हणायचे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

सांस्कृतिक समितीसाठी,
एक हार्टफर्डकर

---

ताई, नमस्कार.

वाया गेली असे मला वाटत नाही. मात्र इतकी वर्षे का लागली, हे आधी पाहायला हवे. १८७९ च्या त्या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की इतर राज्ये साधनांच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर बंदी घालत असताना कनेक्टिकटने ती वापरणेच गुन्हा ठरवले. त्यासाठी किमान ५० डॉलर दंड, किंवा ६० दिवसांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. (सर्कसवाले पी. टी. बार्नम तेव्हा आमदार होते आणि या विधेयकाच्या पुरस्कर्त्यांत होते, हे आमच्या ब्रिजपोर्टच्या मंडळींना आवर्जून सांगावे.)

१९२३ मध्ये संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर हार्टफर्डला आल्या आणि विधिमंडळाच्या समितीपुढे बोलल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात मुरलेल्या कॅथरीन हॉटन हेपबर्न, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभिनेत्रीच्या आई, या खटपटीत अग्रभागी होत्या. संपूर्ण कायदा रद्द होत नाही असे दिसल्यावर मागणी आखडती घेऊन, निदान डॉक्टरांना तरी सल्ला देण्याची मुभा असावी, एवढ्यापुरती विधेयके येऊ लागली. खेड्यापाड्यांतील प्रोटेस्टंट आमदारांचे प्राबल्य असलेल्या कनिष्ठ सभागृहाने ती काही वेळा मंजूरही केली. पण शहरी कॅथलिक मतदारांवर भिस्त असलेल्या सिनेटमध्ये ती पडत राहिली.

माझ्या मते खरी अडचण निराळीच होती. या कायद्याखाली कोणा जोडप्याला शिक्षा होत नव्हती. ऐपत असलेल्या स्त्रीला तिचा खासगी डॉक्टर गुपचूप मदत करी आणि औषधांच्या दुकानात निरोध रोगप्रतिबंधाच्या नावाखाली मिळत. गुन्ह्याला मदत करणाराही दोषी धरला जात असल्याने कायद्याचा तडाखा बसे तो फक्त संततिनियमनाच्या दवाखान्यांना, म्हणजेच तिथे येणाऱ्या गरीब स्त्रियांना. १९३५ पासून उघडलेले दवाखाने १९३९ मध्ये वॉटरबरी गावच्या दवाखान्यावर पडलेल्या छाप्यानंतर आणि १९४० च्या राज्य न्यायालयाच्या निकालानंतर बंद पडले. ज्या कायद्याची झळ मतदारसंघातील वजनदार माणसांना लागत नाही, तो बदलण्यासाठी आमदाराने कॅथलिक बिशपांचा रोष का ओढवून घ्यावा?

न्यायालयांनीही आधी हाच पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये डॉक्टरला दाद मागण्याचा अधिकारच नाही असे म्हटले आणि १९६१ मध्ये कायदा अमलातच येत नसल्याचे कारण देऊन प्रकरण फेटाळले. तेव्हा एस्टेल ग्रिसवोल्ड आणि डॉक्टर ली बक्सटन यांनी १ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यू हेवनमध्ये दवाखाना उघडला, पोलीस आल्यावर त्यांना आनंदाने सगळी माहिती दिली, १० नोव्हेंबरला अटक करवून घेतली आणि प्रत्येकी १०० डॉलर दंड ओढवून घेतला. ग्रिसवोल्डबाई वकील नव्हत्या. ज्या संघटनेने विधिमंडळाचे उंबरठे झिजवले आणि गरजू स्त्रियांना सीमेपलीकडे न्यूयॉर्कच्या पोर्ट चेस्टरला नेले, तिच्याच त्या संचालक होत्या. ही जुळलेली माणसे, पैसा आणि डॉक्टर नसते, तर ७ जून १९६५ च्या निकालासाठी खटलाच उभा राहिला नसता.

आपला,
न्यू हेवनकर काका

---

काका, सादर नमस्कार.

आपले विवेचन पटले, तरी ‘निदान डॉक्टरांना मुभा’ या आखडत्या मागणीकडे आपण फारच उदारपणे पाहिले आहे, असे मला वाटते. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून हा प्रश्न १९४२ आणि १९४८ मध्ये थेट मतदारांपुढे नेला. त्यातही मागणी विवाहित स्त्रियांना डॉक्टरी सल्ला मिळावा एवढीच होती आणि दोन्ही वेळा ती हरली. पुढे आमदार मायकल डुकाकिस यांनी १९६५ मध्ये विधेयक आणले, बॉस्टनचे कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल कुशिंग यांनी आपली श्रद्धा इतरांवर कायद्याने लादण्यात स्वारस्य नसल्याचे सूचित केले आणि १९६६ मध्ये सुधारणा झाली, पण विवाहितांपुरतीच. पदरात पडले ते पवित्र मानून पुढारी घरी गेले. अविवाहितांसाठी १९६७ मध्ये बॉस्टन विद्यापीठात संततिनियमनाचे प्रचारक बिल बेअर्ड यांनी एका तरुणीच्या हाती गर्भनिरोधक फेस ठेवून स्वतःला अटक करवून घेतली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या निकालापर्यंत थांबावे लागले ते अविवाहितांनाच.

म्हणून बैठकीत मुंबई विधानसभेतील १९३८ च्या ठरावावरही बोलावे. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि त्यामागे डॉ. आंबेडकर होते. तिथे बंदीचा कायदा नव्हता. उलट सरकारनेच संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने उपलब्ध करून द्यावीत, असे त्यात म्हटले होते. ठराव मोठ्या फरकाने पडला, पण त्यात कुणाला वगळलेले नव्हते. ते भाषण आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या दुसऱ्या खंडात आहे. इच्छुकांना मी प्रत पाठवीन.

ताईंना एक विनंती. हार्टफर्डमध्ये यंदा एखाद्या विधेयकावर कुणाला साक्ष द्यायची असेल, तर ती स्वतःच्या नावाने आणि गावाच्या उल्लेखासह द्यावी, मंडळाच्या लेटरहेडवर नको. करमाफी असलेल्या संस्थेला लॉबिंगवर मर्यादा असते, व्यक्तीला नसते. बोलायला साधारण तीन मिनिटे मिळतात, म्हणून मजकूर आधी लिहून पाठवलेला बरा.

आपली,
एक बॉस्टनकर